वर्षभराचा चहा

अंतिम सामन्याच्या आदल्या संध्याकाळी कलमराव दारात बूट काढत होते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून त्यांच्याच पराभवाची बोलणी कानावर आली.

"उद्या हे हरणार, आई," बायको म्हणत होती.

"माझा मुलगा जिंकणार. हरला तर सकाळचा चहा वर्षभर मी करीन."

"आणि जिंकले तर मी. लागली पैज!"

कलमरावांचा बूट हातातच राहिला. ते कंपनीच्या विधी विभागात होते आणि बोलता बोलता कलमं सांगायची त्यांना खोड होती, म्हणून हे नाव पडलं होतं. गेल्या वर्षी कंपनीच्या टेबल टेनिस स्पर्धेत दोघा खेळाडूंनी पैज लावून आपापले सामने मुद्दाम हरल्याचा बोभाटा झाला, तेव्हा साहेबांनी नियम करायला त्यांनाच बसवलं. त्यांनी मन लावून लिहिलं: खेळाडूने किंवा त्याच्या घरातल्या कोणीही पैशांची, वस्तूची वा श्रमाची पैज लावल्यास खेळाडू बाद. "श्रमाची कशाला?" असं साहेबांनी विचारलंही होतं. "पळवाट नको, साहेब."

वाईट याचं वाटत होतं, की कलमरावांनी जन्मात कधी काही जिंकलं नव्हतं. यंदा कसे कोण जाणे, ते त्याच स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचले होते. ढालीसाठी शोकेसचा मधला कप्पा त्यांनी स्वतः पुसून ठेवला होता.

"पैज मागे घ्या," ते आत जाऊन म्हणाले. "हा सट्टा आहे."

"मग पोलिसांना बोलाव," आई म्हणाली. "त्यांनाही चहा लागेलच."

"अहो, कोणाला कळणार आहे?" बायकोने विचारलं.

"मला कळलंय ना."

सकाळी आईने दुधाचा पेला पुढे केला, अंगात जोर येतो म्हणून. बायको म्हणाली, "गुडघा सांभाळा, फार धावू नका." कलमरावांना एकीकडे लाच दिसली आणि दुसरीकडे दबाव. ते उपाशीपोटीच ऑफिसला गेले आणि थेट साहेबांच्या केबिनमध्ये शिरले.

"चहाची पैज?" साहेबांनी चष्मा काढला.

"हो. वर्षभराच्या चहाची."

"हे बघा, मी काही ऐकलेलं नाही."

"ऐकलंत, साहेब. मी तुमच्यासमोर उभा राहून सांगतोय."

समोरचा खेळाडू, म्हणजे कॅशिअर, हातात बॅट घेऊन आला. "साहेब, मला खेळून जिंकायचंय हो."

"तुम्हाला बसूनच जिंकावं लागेल," साहेब हताशपणे म्हणाले.

अशा रीतीने चेंडूला हात न लागता ढाल कॅशिअरच्या टेबलावर गेली. कलमरावांनीही टाळ्या वाजवल्या.

घरी नवाच वाद उभा राहिला.

"हरले," बायको म्हणाली.

"खेळलाच नाही, तर हरला कसा?" आई म्हणाली. "तूच सांग रे, कायदा काय म्हणतो?"

कायद्याचं नाव निघताच कलमरावांना जरा बरं वाटलं. त्यांनी नीट विचार केला. "सामनाच झाला नाही, म्हणून पैज रद्द. चहाचं बंधन दोघींपैकी कोणावरही नाही."

"बरं. आणि सामना कोणामुळे झाला नाही?" बायकोने विचारलं.

"माझ्यामुळे."

"मग वर्षभराच्या चहाचं नुकसान कोणी भरून द्यायचं?"

कलमरावांना यात कुठेही पळवाट सापडली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गॅसपाशी उभे होते. बाहेरच्या खोलीतून बायकोचा आवाज आला, "आई, तुम्ही म्हणालात तस्संच झालं. जाऊन सांगून आलेच."

"माझाच मुलगा आहे तो. त्याच्या कानावर जाईल एवढ्या मोठ्यानं बोललो, की आपलं काम झालं. पण ढाल गेली गं बिचाऱ्याची."

"मलाही वाईट वाटलं हो. पण रोज पहाटे उठायचं म्हणजे..."

कलमरावांच्या हातातलं गाळणं हातातच राहिलं. घरातच सामना ठरवून खेळला गेला होता आणि नियम करणाऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. मग त्यांनी साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं, डबा वरच्या फळीवर ठेवला आणि चहा बाहेर नेला.

पहिल्याच घोटाला दोघींची तोंडं वाकडी झाली. "अहो, यात साखर नाही."

"चहा करायचं ठरलं होतं," कलमराव शांतपणे खुर्चीत बसत म्हणाले. "साखरेचा उल्लेख कुठेच नव्हता."