गुलाबी ठिपक्याचा डबा

यशोधनने लॅबमधून फोन केला तेव्हा सुलभाकाकू अमेरिकेतल्या कॅरी गावातल्या आपल्या घरी भेंडी चिरत होत्या.

"आई, तुझ्या त्या वजन कमी करायच्या चूर्णाचा रिपोर्ट आलाय. शिसं निघालं, भरपूर. तू किती घेतलंस?"

"दोन चमचे. कडूजहर होतं रे, सोडलंच मी."

"तरी उद्या ब्लड टेस्ट करू. आणि कुणाला दिलं नाहीस ना?"

काकूंची सुरी थांबली. पुण्याहून आणलेल्या चूर्णाची एक पुडी त्यांनी स्वतःला ठेवली होती आणि बाकीचं डबाभर, महिन्यापूर्वी, मराठी मंडळातल्या चैत्रालीला दिलं होतं. चैत्रालीचं बाळ चार महिन्यांचं, अंगावर पिणारं. "झाडपाल्याचं आहे, त्याने काय होतंय," असं वर सांगितलंही होतं.

त्यांनी तिला फोन लावला.

"चूर्ण ना काकू? रोज घेते. खूपच फरक आहे," चैत्राली लगेच म्हणाली.

काकूंनी गाडीची किल्ली उचलली. "अगं, त्यात शिसं आहे. आजच्या आज डॉक्टरकडे जा. बाळाचंही रक्त तपासून घे. मी येते गाडी घेऊन. माझ्यामुळे..."

पलीकडून बारीक आवाज आला. "काकू, रागावू नका. मी डबा उघडलासुद्धा नाही. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून खोटं बोलले. मालिनीमावशींना दिला."

"बाळाची शपथ?"

"बाळाची शपथ."

काकूंनी मालिनीला फोन लावला, तर ती म्हणाली, "मी कशाला घेऊ बाई? माझ्या बीपीच्याच गोळ्या डझनभर. प्रीताला दिला."

प्रीता फोनवर अडखळली. "काकू, तो... मी तुम्हालाच दिला. पाडव्याला. माझ्या मावशीने नाशिकहून पाठवलाय असं सांगून. सॉरी, तुमचाच आहे हे मला कुठे माहीत."

काकू पॅन्ट्रीकडे धावल्या. गिफ्ट बॅग तशीच होती. पुढेमागे कुणाला तरी देता येईल म्हणून त्यांनी ती उघडलीच नव्हती. आत त्यांचाच दह्याचा डबा, पॉटलकच्या अंगतपंगतीत हरवू नये म्हणून तळाला लावलेला नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका, आणि झाकणावर त्यांनीच दोन वेढे देऊन लावलेलं रबरबँड. अख्ख्या कॅरीत कुणी त्यातलं चिमूटभरही चाखलं नव्हतं.

एरवी आपली भेट अशी पुढे सरकवली म्हणून काकूंनी वर्षभर अबोला धरला असता. आज त्यांनी तिघींनाही मनोमन हात जोडले आणि डोळ्यांना पदर नाही म्हणून किचन टॉवेल लावला.

संध्याकाळी चैत्राली आली. "काकू, खरंच रागावला नाहीत ना?"

काकूंनी बाळाला उचलून छातीशी धरलं. "नाही गं. फक्त एवढं कर. यापुढेही माझं असंच काहीएक ऐकू नकोस."