डॉक्टर कुमारांची गाडी कोण धुतं?

सोलापुरातला पहिला, आणि दुसरा कुणी नसल्यामुळे सर्वश्रेष्ठ, खासगी गुप्तहेर म्हणजे मी, सुबोध. नजर घारीची, कान सशाचे आणि स्मरणशक्ती इतकी दांडगी की एकदा पाहिलेला चेहरा मी कधीच विसरत नाही, फक्त तो कुणाचा ते आठवत नाही. अकरा ते पाच मी एका शाळेत कारकून असतो, तेही लोकांना संशय येऊ नये म्हणून. माझी पत्नी प्रभा हिचं माझ्याबद्दलचं मत जरा वेगळं आहे. पण इतक्या जवळच्या साक्षीदाराची साक्ष मी धरत नाही.

तर बुधवारी सकाळी शुक्रवार पेठेतले दातांचे डॉक्टर कुमार माझ्याकडे आले. त्यांचीच अक्कलदाढ कुणी भूल न देता काढली असावी, असा चेहरा.

"सुबोधराव, माझी गाडी..."

"चोरीला गेली," मी म्हणालो.

"नाही."

"मग काच फोडली. नाहीतर टायर पळवले."

"धुतली," डॉक्टर म्हणाले.

"कुणी?"

"तेच विचारायला आलोय की."

डॉक्टरांची गाडी म्हणजे पिवळीधमक, दोनच माणसांची, जमिनीपासून चार बोटं उंच अशी स्पोर्ट्स कार. ती पुण्याहून आली आणि आठच दिवसांत गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक झाला. त्यावर तिचं पोट टेकतं, म्हणून तेव्हापासून ती अंगणातच आहे. चालवता येत नाही तर निदान धुवावी, म्हणून डॉक्टर दर रविवारी ती स्वतःच्या हातानं धुतात. एक बादली साबणाची, एक साध्या पाण्याची. अंगठी काढून ठेवायची, हातात मऊ मोजा घालायचा, आणि पुसायला तीनदा धुऊन नरम केलेला सोलापुरी टॉवेल. गोल गोल घासायचं नाही, सरळ हात न्यायचा. एवढं शिकायला त्यांनी तीन महिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले होते.

आणि आता दर एक-दोन दिवसांनी गाडी पहाटे कुणीतरी धुऊन, पुसून, कव्हर घालून ठेवत होतं.

"माझ्यापेक्षा चांगली धुतात हो," डॉक्टर म्हणाले. "चाकं आतल्या बाजूनंसुद्धा. अख्खा जन्म दुसऱ्यांच्या तोंडात गेला माझा, एवढं एकच काम माझं म्हणून होतं. रविवारपर्यंत माणूस सापडला नाही, तर गाडी पुण्याला मेव्हण्याच्या कुलूपबंद गॅरेजात. ट्रक सांगून ठेवलाय."

प्रकरण गंभीर होतं. आमच्याकडे नळाला पाणी पाचव्या दिवशी येतं. अशा गावात दुसऱ्याच्या गाडीवर बादलीभर पाणी ओतणारा माणूस साधा गुन्हेगार नव्हे, हे मी तिथल्या तिथे ओळखलं.

मी घटनास्थळी गेलो. ओसरीवर काठी घेऊन डॉक्टरांचे वडील धुळाप्पा बसले होते. डॉक्टरांची आई फुलाबाई गेल्यावर मेंढरं विकून डॉक्टरांनी त्यांना मैंदर्गीहून इकडे आणलं, त्याला चार महिने झाले. मी नमस्कार केला आणि त्यांना यादीतून वगळलं. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण तपासाला फाटे फुटू नयेत म्हणून मी पुढे गेलो.

"हा चोर आहे," मी जाहीर केलं. "बोटांचे ठसे पुसतोय."

"पण चोरलं काय?" डॉक्टरांच्या पत्नी पूनमवहिनींनी विचारलं.

"ठसे."

त्यांचं समाधान झालं नाही. मग मी दुसरा सिद्धांत काढला. कुणीतरी पहाटे गाडी अक्कलकोटला नेऊन आणतो आणि धूळ दिसू नये म्हणून धुतो. डॉक्टरांनी मीटर दाखवला. तो तीन महिन्यांत हललेला नव्हता. मी मीटरलाही संशयितांत घेतलं.

शेजारी रामहरी राहतात. मी त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून विचारलं, "पाणी कुठून आणता?"

"सायेब, माजी मोटारसायकल दिवाळीपासनं धुतली न्हाय," रामहरी म्हणाले. "येवडं पानी असतं तर आदी म्या आंगुळ केली असती की."

मी वास घेतला. साक्ष खरी होती.

उरले स्वतः डॉक्टर. ते झोपेत चालत असणार. माझ्या सांगण्यावरून पूनमवहिनींनी त्यांचा पाय आपल्या पायाला बांधला. सकाळी गाडी लखलखीत, आणि दोघं न्हाणीच्या दारात एकमेकांवर आडवे.

शेवटी रविवारी पहाटे चार वाजता मी स्वतः गाडीच्या मागच्या चाकाला टेकून दबा धरून बसलो. मी झोपलो नाही, डोळे मिटून विचार करत होतो. विचार संपला तेव्हा सात वाजले होते. गाडी धुतलेली होती आणि माझे पायही. कुणीतरी ते बोटांच्या बेचक्यांतून नीट पुसूनसुद्धा ठेवले होते.

तेवढ्यात माझा डबा घेऊन प्रभा आली. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं आणि ओसरीवर धुळाप्पांशेजारी जाऊन बसली.

"अप्पा, चहा झाला का? ही गाडी कोण धुतं हो?"

"मीच की," धुळाप्पा म्हणाले.

रविवारची गाडी धुवायला डॉक्टर नुकतेच बाहेर आले होते; त्यांच्या हातातला टॉवेल खाली पडला. "अप्पा, मग सांगितलं का नाही?"

"तू इचारलंस कुटं? सगळ्या गल्लीला इचारत फिरलास. त्या मीटरला बी इचारलंस."

"पण पाणी?" मी गुन्हेगाराला कोंडीत पकडलं.

"सूनबाई आंगुळीला दोन बादल्या ठिवती. मला एक तांब्या लई झाला."

"आणि इतकं छान धुवायला कुठं शिकलात?" प्रभानं विचारलं.

"मेंढरू कातरायच्या आदी धुवावं लागतंय की. मानंकडनं शेपटाकडं हात न्यायचा. गोल फिरवला की लोकरीचा गुता हुतोय." त्यांनी गाडीकडे पाहिलं. "दारात उबं हाय, अंगावर धूळ बसतीय. ह्यो आटवड्यातनं एकदा येतोय. मला बगवंना."

मग म्हणाले, "हितं येऊन चार म्हैनं झालं. अप्पा जेवला का, एवडंच इचारत्यात. त्ये बी मी व्हय म्हनायच्या आदी आत जात्यात."

मला फार वाईट वाटलं, कारण तोंड उघडलेल्या म्हाताऱ्याला ओलांडून पुढे जाणारा मीही एक होतो. बाहेर ट्रक आला. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला.

डॉक्टर पायरीवर बापाशेजारी बसले. "अप्पा, चाक आतल्या बाजूनं कसं धुता?"

"सांगतो की. पर लांबड हाय."

"सांगा."

ड्रायव्हर तासभर हॉर्न वाजवत होता. धुळाप्पांनी सुरुवात त्यांच्या पहिल्या मेंढीपासून केली होती, आणि मधे कुणी बोललं नाही.