शाळेवर चढलेली कौलं

ओरोसच्या जिल्हा परिषदेचे साहेब आमच्या शाळेची पडझड पाहायला येणार, तेव्हा शाळा जरा झाडून घ्यावी, एवढंच मी ठरवलं होतं. (माझं ठरवणं झाडूवर थांबत नाही, असं माझी बायको हमिदा वीस वर्षं सांगतेय.)

ही मालवणजवळची आमची खाडीकाठची सरकारी शाळा. मी इथेच शिकलो, आता शाळेच्या समितीवर आहे. तिसरीत माझ्या डोक्यावरच छप्पर गळायचं, म्हणून गुरुजींनी मला बालदी सांभाळायला बसवलं होतं. एवढा विश्वास पुढे नोकरीतही कुणी टाकला नाही. अजून पाऊस लागला की बालदीतला तो टपटप आवाज आठवून जीव कासावीस होतो. आता मुलं उरलीत अकरा. छपराला, खिडक्यांना सरकारी निधी मिळाला नाही, तर मुलांची रवानगी पाच किलोमीटरवरच्या शाळेत होणार होती.

पण पाहुणा येणार आणि त्याला फुटकं छप्पर दाखवायचं? माझ्याच्यानं होईना. मी आमच्या स्वयंपाकघरावरची कौलं काढून शाळेवर चढवली. मोडक्या खिडक्यांना घरचे ईदचे पडदे लावले.

"पडदे खंय गेले?" हमिदाने विचारलं.

"शाळेत."

"आणि वरची कौलां?"

मी झाडू उचलून सटकलो.

साहेब आले. मुख्याध्यापिका किशोरीबाई अर्ज घेऊन तयारच होत्या. साहेबांनी विचारलं, "बोला, काय अडचणी आहेत?"

बाई तोंड उघडणार, तोच माझ्यातला यजमान बोलून गेला, "छे छे, साहेब! अडचण कसली? अल्लाच्या मेहेरबानीनं सगळं व्यवस्थित आहे. आधी सोलकढी घ्या!"

साहेबांनी सोलकढी घेतली, पडद्यांचं कौतुक केलं आणि शेरा लिहिला, 'इमारत सुस्थितीत. निधीची आवश्यकता नाही.'

"जमाल, काय केलंस रे ह्या!" बाई मटकन खाली बसल्या. मला तर रडूच आलं.

मी फेरतपासणीचा अर्ज केला. उत्तर आलं, गळतीचे फोटो जोडा. पाऊस लागताच मोबाइल घेऊन धावलो, तर शाळा थेंबभर गळेना. कौलं परत काढावीत, तर खाली पोरं बसलेली. हात धजेना.

तसाच भिजत घरी आलो. स्वयंपाकघरात धार लागली होती. हमिदाने माझ्या हातात बालदी दिली.

"तुमका शाळेची आठवण येता मा? बसा आता."

बसलो. आवाज अगदी तोच होता. फक्त इथे मधली सुट्टी नव्हती.