जयकुमारांची दाढ

मुर्धा गावाच्या नाक्यावर बॅनर लागला आणि जयकुमार पाटलांनी नाक्यावरून जाणंच सोडलं. बॅनरवर त्यांचा हसरा फोटो होता आणि खाली 'पन्नासावे रक्तदान'. रविवारच्या शिबिरात मंडळाचा नाथा त्यांना शाल घालणार होता.

अडचण अशी, की मागच्या मंगळवारी ते भाईंदर पश्चिमेला शालू शिलाईवालीकडे पँट आखूड करायला गेले आणि चहा संपल्यावरही थांबले. दोघंही एकटी, साठीच्या अलीकडची. सावधगिरी बाळगायला हवी हे जयकुमारांना कळत होतं. पण सावधगिरीचं पाकीट मागायचं कुणाकडे? गावातलं एकमेव मेडिकल पुतण्याचं, आणि गल्ल्यावर वहिनी.

मग अशाने लागणाऱ्या रोगांविषयी मोबाइलवर वाचून वाचून त्यांनी आपलं ताट वेगळं केलं, टॉवेल वेगळा केला. भूमिकाने, त्यांच्या मुलीने, दोनदा विचारलं की माझं काही चुकलं का. स्वतःचं काय व्हायचं ते होवो. पण आपल्या रक्ताची बाटली दुसऱ्या कुणाला चढली तर?

रविवारी भूमिका नावं लिहायला बसली होती. जयकुमारांनी सांगितलं, कालच दाढ काढली, गोळ्या चालू आहेत.

"जयादादा, रक्त हातातून काढतान, दातातून न्हाय," नाथा म्हणाला. "आ करा बगू."

दाढा सगळ्या जागेवर होत्या. जयकुमार थेट पडद्यामागे डॉक्टरबाईंकडे गेले आणि एका दमात खरं सांगून मोकळे झाले. बाईंनी पेनही खाली ठेवलं नाही. आज देऊ नका, सांगितलंत हे फार बरं केलंत, म्हणाल्या. ताटाटॉवेलातून हे पसरत नाही. दोघांनी आत्ता तपासून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा. बहुतेक काही निघणार नाही, निघालंच तर औषधं आहेत. त्यांनी चिठ्ठी दिली: 'तीन महिन्यांनी यावे.'

जयकुमार बाहेर आले तर टेबलासमोर शालू उभी. नाथाने भाईंदरपर्यंत पत्रकं वाटली होती. ती भूमिकाला सांगत होती, "रक्त द्यायचं होतं गं, पण कालच दाढ काढली. डॉक्टरांशी जरा बोलू का?"

थोड्या वेळाने तीही तशीच चिठ्ठी घेऊन बाहेर आली. भूमिकाने दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या. मग वडिलांकडे पाहिलं. आई गेल्यापासून चार वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"दाढेला तीन महिने लागतात?" तिने हळूच विचारलं.

जयकुमार शर्टाची बटणं तपासू लागले, शालू हातातलं पत्रक वाचू लागली.

"बरं. उद्या माझी सुट्टी आहे. तुम्हा दोघांना मीच नेते तपासायला."

नाथाने बॅनरवरच्या पन्नासावर कागद चिकटवून एकोणपन्नास केलं आणि शाल घातलीच. पहिले रिपोर्ट चांगले आले. तीन महिन्यांनंतरचेही.

ते शेवटचे रिपोर्ट आले त्या संध्याकाळी बीपीची गोळी घ्यायला जयकुमारांनी औषधांचा डबा उघडला. आत एक नवं पाकीट होतं, नात्यातल्या कुणाच्याही नसलेल्या मेडिकलमधून आणलेलं. वर भूमिकाच्या अक्षरात चिठ्ठी होती: 'दाढेसाठी.'