केरबा सरांची इंग्रजी मेंढरं

बदनापुरात भांडायचं असेल तर केरबा सरांच्या घरापासून लांब जाऊन भांडावं. मागे आमच्या गल्लीत दोन रिक्षावाले एकमेकांची कॉलर धरून उभे होते. त्यातला एक थोडा शिकलेला. तो ओरडला, "आय ॲम अँग्री ऑन यू!" झालं! सर बनियनवरच धावत बाहेर आले. "ऑन न्हाई बाप्पा, विथ! अँग्री विथ यू. म्हण बरं जल्दी." त्याने म्हटलं. दुसऱ्यालाही म्हणायला लावलं. तोवर भांडण कशावरून होतं हेच दोघे विसरले आणि आपापल्या रिक्षात जाऊन बसले.

सर इंग्रजी शिकवून निवृत्त झाले, आता घरी शिकवणी घेतात. घराणं मेंढपाळांचं, त्यामुळे व्याकरणही मेंढरांचंच. "आपण मराठीत राग माणसावर, प्रेम माणसावर, समदं माणसावर लादून राह्यलो. इंग्रजीत हरेक भावनेचा मेंढवाडा येगळा. अफ्रेड 'ऑफ'च्या वाड्यात, वरीड 'अबाउट'च्या. मेंढरू बराबर वाड्यात घाला." माझी बायको एकदा कौतुकाने म्हणाली, "सर, तुमचा फार अभिमान वाटतो." सरांनी विचारलं, "प्राउडला काय लागतं?" त्या दिवशी त्यांना आमच्याकडे चहा मिळाला नाही.

दिवाळीनंतर सरांची बायको, म्हणजे आमच्या काकू, नातीला सांभाळायला पुण्याला मुलाकडे गेल्या, त्या तिकडेच राहिल्या. मुलगा सरांनाही सारखा बोलावतो. पण सर हलत नाहीत. का, तर एकदा माझ्याजवळ बोलून गेले, "पोरगा बोलावून राह्यला. जिनं बोलवायला पायजे, ती कुठं बोलावती?"

तेव्हापासून सर फार एकटे पडलेत. संध्याकाळ झाली की आमच्या ओट्यावर येऊन बसतात आणि टीव्हीवरच्या बातम्यांचं इंग्रजी सुधारतात. ऐकायला बरं वाटत नाही, पण त्यांना उठा म्हणवत नाही. काकूंचा रोज फोन येतो. "जेवले का?" "जेवलो. तू?" "जेवले." एवढ्यात संसार उरकतो.

परवा फोनचा आवाज येईना म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी काहीतरी दाबलं, तर तो स्पीकरवर गेला, आणि नेमका काकूंचा फोन आला. जेवणाची चौकशी झाली. मी निघायला उठलो. तोच सर म्हणाले, "करमत न्हाई."

मी दारातच थांबलो.

"कुणाला?" काकू म्हणाल्या.

"मला. दुसरं कोण हाय इथं?"

"मंग इतके दिवस का बोलले न्हाई? मला वाटलं, तुमचा जीव शिकवणीत. कशाला जोर करावा." काकू म्हणाल्या. "या की. वाट पाहून राह्यले मी."

दुसऱ्यांच्या भावना जन्मभर हाकणारे सर आता स्वतःच निघायच्या घाईत. फोन तसाच हातात धरून त्यांनी मला विचारलं, "पुण्याची पहिली गाडी कितीला हाय रे?"

मला ठाऊक नव्हतं. पलीकडून काकूंनीच वेळ सांगितली.