शोभाकाकूंचे वाटे

आमच्या शेजारच्या शोभाकाकू पंगतीत पहिल्या आणि शेवटच्या पाटावर कोणाला बसू देत नाहीत. रिठदला भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी एका पाहुण्याला चक्क उठवलं. "भाऊ, पयली जागा नावाची, शेवटची हाकेची. मधात बसा." पाहुणा घाबरून मधात सरकला.

हे खूळ त्यांना माझ्यामुळे लागलं. मी अनसिंगमध्ये घरोघरी इंटरनेट जोडून देतो आणि नेटवर्किंगच्या परीक्षेचा अभ्यास करतो. त्यात सबनेटिंग असतं. म्हणजे एका मोठ्या नेटवर्कचे लहान लहान वाटे पाडायचे. प्रत्येक वाट्यातला पहिला पत्ता त्या वाट्याचं नाव म्हणून राखीव, शेवटचा सगळ्यांना एकदम हाक मारायला. मधले यंत्रांना द्यायचे. हे सगळं झटपट यावं लागतं. मला येईना, म्हणून काकूंकडे गेलो. त्या गणिताच्या शिक्षिका, नुकत्याच निवृत्त झालेल्या. तिथून माझं सुख गेलं.

थोड्याच दिवसांत त्या माझ्यापुढे निघून गेल्या. मी अंगणात कागदावर एक-शून्य मांडत असायचो आणि भिंतीपलीकडून, तुरीच्या शेंगा सोलता सोलता, आवाज यायचा, "एवढा टाइम कायले लागून राह्यला बापू? बत्तीस-बत्तीसचे वाटे पाड! सत्त्याहत्तर नंबर कोठी बसते? चौसष्ट ते पंच्याण्णवच्या वाट्यात. हाक पंच्याण्णववर. झालं!"

उत्तर बरोबर असायचं. तेच तर झोंबायचं.

आई म्हणायची, "पाय, काकूले या वयात येते. तुले काहून नाही येत?" माझ्यासोबत अभ्यास करायला आलेला मित्रसुद्धा शंका विचारायला भिंतीकडे गेला, तो तिकडेच रमला. त्याचा चहा मीच पिऊन टाकला.

परीक्षेत मी थोडक्यात नापास झालो. काकू म्हणाल्या, "पुन्यांदा बस."

"तुमीच बसा ना!" मी फणकारलो.

"मी? मले काय कराची परीक्षा?"

मी ज्याच्यासाठी जीव टाकत होतो, ते त्यांना नकोच होतं. याचा तर जास्तच राग आला.

परवा दुपारी आईनं दिलेलं लोणचं घेऊन गेलो, तर काकू ओसरीवर स्पीकर लावून फोनवर बोलत होत्या. त्यांचा मुलगा निलेश हैदराबादला याच कामात आहे. "बत्तीस-बत्तीसचे वाटे पाडले तं शंभर नंबर चौसष्टच्या वाट्यात येते ना रे?" त्यांनी विचारलं.

साफ चूक! मला केवढा आनंद झाला. पलीकडून निलेश समजावू लागला, "नाही आई, चौसष्टचा वाटा पंच्याण्णवला संपते..." काकू डोळे मिटून ऐकत होत्या. "मंग? मंग पुढं?"

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, "चुकल्या तुमी, काकू."

"मालूम आहे मले." त्या लोणच्याची बरणी पुसत राहिल्या. "तब्येत इचारली का 'ठेवतो आई' म्हनते. वाटे इचारले का बोलते. बरोबर सांगतलं तं लवकर आटपते. म्हनून मुद्दाम चुका लागते."

मी जायला वळलो.

"बस जरासा," त्या म्हणाल्या. "तुले तं लय चुका येतात. उद्याच्यासाठी एखादी चांगली सांग. समजवाले घंटाभर लागंल अशी."

मी बसलो. निलेशचा मला भयंकर हेवा वाटत होता. पण चूक मात्र मन लावून शोधली.