माणसांच्या मागची गल्ली

आमच्या पेठेत मल्लय्याअण्णांना लग्नाचा फोटो दाखवण्यात काही अर्थ नाही. नवरी कशी दिसते हे ते बघतच नाहीत. चष्मा कपाळावर चढवून फोटो नाकाशी धरतात आणि म्हणतात, "माणसं असू द्या ओ. मागं बघा, मागं! जिना लाकडी होता बघा त्यांचा."

अण्णांचं तसबिरी बसवायचं दुकान आहे. देव, पुढारी, वारलेले आजोबा, बोहल्यावरची जोडपी, सगळे त्यांच्याकडे काचेत जाऊन बसतात. पण अण्णांना कौतुक माणसांच्या पाठीमागच्या गोष्टींचं. कुणाच्या बारशात मागे जुना नळ दिसतो, कुणाच्या वरातीत घोड्याच्या पायांमागे दगडी ओटा. फोटो बसवायला येणाऱ्याकडे ते एकच हट्ट धरतात, एक नक्कल मला द्या. मग कात्रीनं पुढची माणसं कापून बाजूला, आणि उरलेली भिंत, खिडकी, पन्हळ दुकानाच्या भिंतीवर चिकटवायची. असं करत करत त्यांनी रस्ता रुंद व्हायच्या आधीची अख्खी गल्ली भिंतीवर उभी केली आहे. डावी बाजू वर, उजवी खाली. घराघरातल्या विणकरांच्या मागांचा खडखडाट तेवढा ऐकू येत नाही.

एकच घर नाही. त्यांचं स्वतःचं. तिथं भिंतीवर मोकळी जागा आहे. घर रुंदीकरणात गेलं आणि त्याचा फोटो कुणाकडेच निघाला नाही. आमच्याकडे नवी गाडी घेतली की दसऱ्याला ती आपल्या घरासमोर लावून फोटो काढतात. शेजाऱ्याच्या घरासमोर कोण कशाला काढेल? आणि अण्णांनी कधी गाडीच घेतली नाही. तरी पेठेत कुणाचा जुना अल्बम निघाला असं कळलं की अण्णा हजर. "आमचं घर आलंय का कुटं? जरा बघा की."

माझं आणि अण्णांचं भांडण मात्र वेगळं. मी टेंभुर्णीहून आलो तेव्हा खांद्यावर टॉवेलांचा गठ्ठा टाकून दारोदार फिरायचो. आज त्याच गल्लीत माझं चादरींचं दुकान आहे. उद्घाटनाचा फोटो मी मोठ्या हौसेनं अण्णांकडे बसवायला दिला. डोक्याला फेटा, गळ्यात हार, हातात फीत कापायची कात्री. तसबीर हातात आली, तर काचेत माझा एक कान, फेट्याचा तुरा, आणि शेजारच्या घराचा कोरीव सज्जा. तो मात्र पूर्ण!

मी तणतणत गेलो. "अण्णा, माझं तोंड कुठंय?"

"तुमी रोज दिसता की ओ शेठ," अण्णा शांतपणे म्हणाले. "सज्जा पाडला त्यांनी."

"अहो, दुकान माझंय! जन्म घातलाय मी त्यात!"

"म्हणून तर कान ठेवला की."

त्या दिवसापासून मी त्यांच्या दारावरून मान फिरवून जायला लागलो. माझी बायको सुनंदा म्हणायची, "अहो, एवढ्याशा फोटोपायी कुणी बोलणं सोडतं का?"

"एवढासा त्यांनीच केलाय!" मी ओरडायचो.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत सुनंदाच्या माहेरचा अल्बम निघाला. सासरे पूर्वी त्याच गल्लीत भाड्यानं राहायचे, अण्णांच्या बरोबर समोर. एका फोटोत ते आणि त्यांची नवी स्कूटर, हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. पण तोंडावर ऊन यावं म्हणून फोटोवाल्यानं त्यांना उलटं उभं केलेलं. त्यामुळे मागे त्यांचं घर आलं नव्हतं. समोरचं आलं होतं.

"अगंबाई, ही कमान अण्णांच्या दाराची," सुनंदा म्हणाली. "आत्ताच नेऊन द्या की."

"तसंच नेऊन दिलं तर मालाला मोल राहत नाही," मी म्हणालो. जो माल अख्ख्या सोलापुरात दुसरीकडे मिळणार नव्हता, तो माझ्या हातात होता. असा दिवस व्यापाऱ्याला रोज येत नाही.

फोटो पाकिटात घालून मी अण्णांचं दुकान गाठलं.

"रस्ता चुकला काय शेठ?"

"तुमच्या घराचा फोटो मिळालाय," मी म्हणालो. "पण अटी आहेत. माझी तसबीर पुन्हा करायची. मी पूर्ण दिसलो पाहिजे, दोन्ही कानांसकट. आणि ती तुमच्या ह्या भिंतीवर लावायची, गल्लीच्या मधोमध."

"लावतो."

मीच गडबडलो. "अहो, थोडं तरी ताणा! कोपऱ्यात लावतो म्हणा, लहान करतो म्हणा."

"लावतो म्हणलं की. द्या."

इतक्या पटकन हो म्हणणारं गिऱ्हाईक दिसलं की मला माल परत तपासावासा वाटतो. तरी पाकीट दिलं. अण्णांनी खणातून भिंग काढलं. मला वाटलं, आता कमानीचं कौतुक ऐकावं लागणार. पण त्यांनी कमानीकडे बघितलंही नाही. भिंग दाराच्या अर्धवट उघड्या फळीवरून, खिडकीच्या गजांवरून, ओट्यावरून सावकाश फिरत राहिलं, काहीतरी सांडलेलं शोधल्यासारखं.

"काय शोधताय अण्णा? घर तर समोर आहे."

"घराचं काय घेऊन बसलाव," ते म्हणाले. "लक्ष्मी आलीय का बघतोय."

लक्ष्मी त्यांची बायको. घर पडायच्या आधीच ती गेली, एवढंच मला ठाऊक होतं.

"तिचा एकबी फोटो न्हाय," अण्णा म्हणाले. "लोकांचे बसवण्यात जलम गेला. आपला दसऱ्याला काढू की, म्हणायचो. दर दसऱ्याला. मग वाटलं, कुणाच्या तरी मागं आली असंल. पाणी भरताना, वाळवण घालताना. माणूस एवढी वर्सं गल्लीत ऱ्हातंय, कुटंतरी मागं येतंयच की."

मी भिंतीवरच्या गल्लीकडे पाहिलं. म्हणजे तिथल्या प्रत्येक खिडकीवरून, प्रत्येक ओट्यावरून हे भिंग आधी फिरलेलं होतं.

मीही फोटोवर वाकलो. सासरे, स्कूटर, मागे दाराला तोरण. ओट्यावर कुणी नव्हतं.

भिंग उंबऱ्यापाशी थांबलं.

"रांगोळी अर्धीच हाय," अण्णा हळूच म्हणाले. मग त्यांनी पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि दारी आलेल्या पाहुण्याला सांगावं तसं म्हणाले,

"बसा की शेठ. आत्ताच आत गेलीय."